जुन्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचा परत परत येणारा हम

रात्री साडेदहानंतर रस्ता थोडा शांत होतो, रेकॉर्डची बाजू संपते आणि सुई उचलल्यावरही स्पीकरमधून खर्जातली एक गुणगुण, म्हणजे हम, ऐकू येत राहते. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला दिला की ती महिना-दोन महिने नाहीशी होते, आपण निर्धास्त होतो आणि एखाद्या संध्याकाळी ती पुन्हा हजर होते. सेकंडहँड घेतलेला मोठा पॉवर अ‍ॅम्प घरात वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हा अनुभव येतो. माझ्या विलेपार्ल्याच्या घरी सात वर्षांपासून असा एक अमेरिकन बनावटीचा, जवळपास चाळीस किलो वजनाचा नग आहे आणि त्या सात वर्षांतली पहिली तीन वर्षे मी हा हम घालवण्यात काढली. एवढा वेळ लागण्याचे कारण असे की मी एकच दोष शोधत होतो आणि प्रत्यक्षात एकाच आवाजाचे चार वेगवेगळे दोष होते. एक काढला की काही दिवस बरे वाटे, मग दुसरा डोके वर काढी आणि मला वाटे की पहिलाच परत आला.

हे दोष कानाला सारखे का वाटतात ते आधी पाहू. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे तारांमधून घुसणारा हम ५० हर्ट्झचा असतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या आतल्या, विजेला एकाच दिशेने वळवणाऱ्या रेक्टिफायरनंतर जो उरतो तो १०० हर्ट्झचा. म्हणजे दोन्ही एकच स्वर, फक्त एका सप्तकाच्या अंतरावर. घरात पेटी असेल तर मंद्रातली पांढरी पाच दाबून पाहा: हम तिच्यापेक्षा किंचित चढा लागतो, पण ओळख पटते. ५० चा हम गोल, दबका आणि छातीत जाणवणारा असतो. १०० च्या हमला वरचे अंश अधिक असल्यामुळे तो जरा खरखरीत लागतो. लहान बुकशेल्फ स्पीकर ५० हर्ट्झ नीट वाजवूच शकत नाहीत, म्हणून तिथे हा फरक कानाने करण्याच्या फंदात पडू नये. मोठे फ्लोअरस्टँडर असतील तर दोन-तीन वेळा ऐकून तो सहज जमतो.

सगळ्यात आधी ठरवायचे ते एवढेच, की आवाज स्पीकरमधून येतो की अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यातून. प्रश्न बाळबोध वाटेल, पण दहा बाय बाराच्या खोलीत लाकडी रॅकवर ठेवलेल्या अ‍ॅम्पची घरघर रॅकमधून, फरशीतून अशी पसरते की ती स्पीकरचीच आहे असे चांगल्या कानाच्या माणसालाही वाटते. अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या तारा काढा, पुन्हा चालू करा आणि ऐका. आवाज तसाच राहिला तर तो ट्रान्सफॉर्मरचा यांत्रिक आवाज आहे, आणि त्यासाठी कंडेन्सर (चार्ज साठवणारे भाग), केबल किंवा प्री-अ‍ॅम्प (पॉवर अ‍ॅम्पच्या आधी लागणारा, व्हॉल्यूम ठरवणारा डबा) बदलून काहीही होणार नाही. मी ही चाचणी पहिल्याच आठवड्यात केली असती तर चार मोठ्या कंडेन्सरांचे पैसे वाचले असते. ज्या कारागिराकडे अ‍ॅम्प दिला होता त्याने झाकणही न उघडता "जुना पीस आहे, कंडेन्सर गेले असणार" असे सांगितले आणि मी मान डोलावली. कंडेन्सर नवे आले, हम होता तिथेच राहिला.

ट्रान्सफॉर्मरच्या घरघरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. मोठ्या पॉवर अ‍ॅम्पमध्ये बहुधा टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या गाभ्यात कुठेही फट नसते आणि त्याच्या प्रायमरी, म्हणजे विजेला जोडलेल्या, गुंडाळीचा रेझिस्टन्स अगदी थोडा असतो. जुन्या पद्धतीच्या, पत्रे एकमेकांत बसवून केलेल्या चौकोनी ट्रान्सफॉर्मरमध्ये पत्र्यांच्या सांध्यांत बारीक फटी राहतात, त्यामुळे विजेत थोडासा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, अंश मिसळला तरी तो ट्रान्सफॉर्मर तो निमूटपणे सहन करतो. टोरॉइडला अर्धा-एक व्होल्ट डीसीही पुरतो: गाभा एका बाजूला संपृक्त होतो, दर आवर्तनात करंटचा झटका बसतो आणि संपूर्ण कडे गुरगुरू लागते. आता २३० व्होल्टच्या एसीमध्ये डीसी येतो कुठून? ज्या उपकरणात अर्धी शक्ती मिळवण्यासाठी डायोड टाकून लाटेची एकच बाजू वापरलेली असते, तिथून. बऱ्याच हेअर ड्रायरची कमी गतीची खूण हेच करते.

माझ्याकडे ही घरघर सकाळी यायची आणि पंधरा-वीस मिनिटांत आपोआप जायची. दोन आठवडे मी वहीत वेळा टिपून ठेवल्या. सोमवार ते शनिवार पावणेआठ ते आठ, आणि रविवारी मात्र साडेअकराला. वहीतली ती उभी रांग पाहिल्यावर मला विजेपेक्षा कुणाच्या तरी कॉलेजची वेळ आठवली. बहिणीचा ड्रायर आणून, रॅकमागच्याच बोर्डात लावून, हाफवर चालवला. अ‍ॅम्प त्या क्षणी गुरगुरला आणि ड्रायर फुलवर करताच गप्प झाला. शेजारच्या दारावर जाऊन विचारले, "वहिनी, सकाळी कुणी ड्रायर लावतं का हो?" त्या म्हणाल्या, "हो, धाकटी लावते. का, फ्यूज उडतो का तुमचा?" त्या मुलीला ड्रायर फुलवर लावायला सांगणे मला प्रशस्त वाटले नाही. शिवाय इमारतीत एकाच फेजवर आठ-दहा बिऱ्हाडे असताना कितीजणांना सांगणार?

यावरचा पक्का उपाय म्हणजे डीसी ब्लॉकर. दोन मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, उदाहरणार्थ प्रत्येकी १०,००० मायक्रोफॅरडचे, एकमेकांना उलट जोडून फेजच्या तारेत एकामागोमाग एक घालायचे आणि त्यांच्या दोन टोकांवर एक मोठ्या क्षमतेचा ब्रिज रेक्टिफायर अशा रीतीने लावायचा की कंडेन्सरवरचा दाब दीड व्होल्टच्या आतच राहील. एसी त्यातून सुखाने जातो, डीसी अडतो. मंडल सोपे असले तरी ते थेट २३० व्होल्टवर बसते, म्हणून ते फ्यूजच्या नंतर, बंद धातूच्या डब्यात आणि अर्थची तार अखंड ठेवून, जाणकाराकडूनच करून घ्यावे. माझा ब्लॉकर गेली चार वर्षे रॅकमागे आहे आणि पावणेआठचा प्रश्न मिटला आहे.

डीसी नसताना, दिवसभर एकसारखी घरघर असेल तर अ‍ॅम्पच्या पाठीमागची व्होल्टेजची पट्टी वाचावी. अमेरिकेतून आलेला नग १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. जपानच्या देशी बाजारातला १०० व्होल्टचा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळते, पण फ्रिक्वेन्सी जुळत नाही. केवळ ६० हर्ट्झसाठी बेतलेला ट्रान्सफॉर्मर तेवढ्याच व्होल्टेजला ५० वर चालवला की गाभ्यावरचा चुंबकीय भार २० टक्क्यांनी वाढतो आणि तो गरमही होतो, गुणगुणतोही. अनेक मोठ्या नगांच्या आत प्रायमरीच्या दोन गुंडाळ्या असतात, त्या समांतर जोडल्या की १२० आणि ओळीने जोडल्या की २४० असा बदल करता येतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तसे दाखवलेले असेल तर स्टेप-डाउनचा डबा कायमचा काढून टाकता येतो. २२० वर जोडलेला नग रात्री उशिरा भार कमी झाल्यावर २४० मिळाला की अधिक बोलतो, हेही ध्यानात असू द्यावे. आठवडाभर वेगवेगळ्या वेळी बोर्डावर मल्टिमीटर लावून आकडे लिहिले की चित्र स्पष्ट होते.

आता आवाज स्पीकरमधूनच येत असेल तर. इथे एक स्वस्त साधन लागते: शॉर्टिंग प्लग, म्हणजे ज्याची मधली पिन आणि बाहेरची कडी आतून जोडलेली आहे असा साधा आरसीए प्लग. दोन रिकामे प्लग आणि बोटभर तार यांत तो घरी तयार होतो. अ‍ॅम्प बंद करून प्री-अ‍ॅम्पकडून येणाऱ्या केबल काढाव्यात, दोन्ही इनपुटवर हे प्लग बसवावेत आणि अ‍ॅम्प चालू करावा. हे प्लग फक्त पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुटवर बसवायचे असतात, प्री-अ‍ॅम्पच्या आउटपुटवर कधीही नाही. स्पीकर शांत झाले तर पॉवर अ‍ॅम्प निर्दोष आहे आणि दोष त्याच्या आधीच्या साखळीत आहे. मग फक्त प्री-अ‍ॅम्प जोडावा, नंतर एकेक सोर्स, आणि दर वेळी ऐकावे. प्रत्येक जोडणीच्या आधी पॉवर अ‍ॅम्प बंद करणे विसरू नये. चालू अवस्थेत आरसीए काढताना कडी आधी सुटते आणि जो ढुम्म आवाज होतो त्याने वूफर फाटू शकतो.

माझ्या घरी शॉर्टिंग प्लगवर शांतता होती, प्री-अ‍ॅम्प जोडल्यावरही शांतता होती आणि सेट-टॉप बॉक्सची केबल लावताच हम येत होता. केबलवाल्याची कोअ‍ॅक्सियल तार गच्चीवरून, कधी दुसऱ्या इमारतीवरूनही येते आणि तिचे बाहेरचे वेष्टण कुठल्या तरी वेगळ्या ठिकाणी जमिनीला टेकलेले असते. आपला अ‍ॅम्प बोर्डातल्या अर्थला टेकलेला असतो. या दोन जमिनींमध्ये थोडा जरी फरक असला तरी करंट आपल्या आरसीए केबलच्या कडीतून वाहू लागतो आणि त्याचाच ५० हर्ट्झचा हम होतो. यालाच अर्थ लूप म्हणतात. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने डॅकला (डिजिटल सिग्नलचा आवाजाचा सिग्नल करणाऱ्या डब्याला) दिला आणि लूप तुटला, कारण काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तंतूतून वीज जात नाही. डॅकला यूएसबीने जोडलेला, तीन पिनच्या चार्जरवरचा लॅपटॉप हाच उद्योग करतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहिला की लगेच कळते.

पण माझ्या गोष्टीत अजून एक वळण आहे. अ‍ॅम्प घेतला तेव्हा हा लूप नव्हता. वर्षभराने प्लग सैल वाटला म्हणून उघडला, तर हिरवी तार कापून काळ्या इन्सुलेशन टेपने गुंडाळून ठेवलेली होती. टेप उष्णतेने वितळून बोटाला चिकटत होता, म्हणजे हे काम जुने होते. आधीच्या मालकाने हम घालवण्यासाठी अर्थच तोडली होती. मी ती जोडली आणि त्याच दिवशी हम सुरू झाला. अर्थची पिन काढून टाका, हा सल्ला दुकानांतून आणि मित्रांकडून इतक्या सहज दिला जातो की तो चूक आहे हे ठासून सांगणे भाग आहे. धातूची पेटी, चाळीस वर्षांचा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या इन्सुलेशनचा कुणी भरवसा देऊ शकत नाही. ते फुटले आणि अर्थ नसली तर संपूर्ण पेटी २३० व्होल्टवर जाते आणि फ्यूजही उडत नाही. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून व्हॉल्यूम वाढवणारा माणूस आपल्याच घरातला असतो. सेकंडहँड अ‍ॅम्प आणल्यावर पहिल्या दिवशी प्लग उघडून पाहणे हा माझा आता नियम आहे.

अर्थ जोडल्यावर ती खरी आहे का हेही तपासावे लागते. जुन्या इमारतींत बोर्डाला तिसरे भोक असते, पण त्याच्या मागे तार असतेच असे नाही. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्टच्या आसपास. न्यूट्रल-अर्थ दहा-पंधरा दाखवत असेल किंवा फेज-अर्थचा आकडा तरंगत असेल तर परवानाधारक वायरमनला बोलवावे. वायरमन फेज आणि अर्थमध्ये शंभर वॉटचा, जुना तारेचा बल्ब लावून पाहतात, कारण मल्टिमीटर कच्च्या जोडणीतूनही पूर्ण व्होल्टेज दाखवतो, पण बल्ब पेटायला खरी वाट लागते. घरात आरसीसीबी (अर्थकडे गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल तर तो या चाचणीत लगेच ट्रिप होईल; ते त्याचे कामच आहे. आमच्याकडे दोष खाली मीटर केबिनमध्ये होता: अर्थच्या पट्टीवरचा नट गंजून सैल झाला होता. तो सोसायटीने बदलून घेतला.

पावसाळ्याचा हम वेगळा ओळखावा. तो बहुतेक वेळा एकाच चॅनेलला येतो, जुलैत सुरू होतो आणि केबल हलवली की कमी-जास्त होतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत आरसीए सॉकेटच्या बाहेरच्या कडीवर थर चढतो. सिग्नलची जमीन याच कडीतून जाते, ती कच्ची झाली की हम सरळ इनपुटमध्ये शिरतो. प्लग जागच्या जागी दोन-चार वेळा फिरवला तर तात्पुरते थांबते. नीट करायचे तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कडी आणि सॉकेट पुसून, सैल झालेली कडी हलक्या हाताने पकडीने आवळावी. आतल्या स्पीकर रिलेचे संपर्कही याच हवेत काळवंडतात, पण त्यांचे लक्षण हम हे नाही. हळू आवाजात एक चॅनेल गायब होते आणि व्हॉल्यूम वाढवताच परत येते. ते दिसले तर रिलेच बदलावा, कारण पॉलिश पेपरने घासल्यावर संपर्कावरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तेच पुन्हा होते.

पंख्याच्या रेग्युलेटरचा उल्लेख केवळ तो लवकर बाद करता यावा म्हणून करतो. ट्रायकचा रेग्युलेटर किंवा लाइटचा डिमर तीक्ष्ण चरचर देतो, गोल गुणगुण देत नाही. पंखा बंद करून ऐका, अर्ध्या मिनिटात निकाल लागतो.

आता उरले कंडेन्सर, ज्यांच्यावर सगळे खापर फोडले जाते. शॉर्टिंग प्लग लावूनही दोन्ही स्पीकरमध्ये खरखरीत, १०० हर्ट्झचा हम राहत असेल आणि तो महिन्यागणिक वाढत असेल, तरच इकडे वळावे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य तापमानावर अवलंबून असते आणि ढोबळ हिशेब असा की दर १० अंश सेल्सियसला ते अर्धे होते. म्हणून अ‍ॅम्पच्या जातीचा इथे फार संबंध येतो. १९७५ साली आलेल्या क्वाड ४०५ मध्ये आउटपुटचे मोठे ट्रान्झिस्टर स्वस्थ असताना करंट घेत नाहीत, त्यामुळे तो अंगाला थंड राहतो. उलट क्रेलचा केएसए-५० किंवा नेल्सन पास यांच्या अलेफ मालिकेतले नग हे क्लास ए, म्हणजे आउटपुटच्या ट्रान्झिस्टरांतून स्वस्थ असतानाही मोठा करंट वाहता ठेवणारे. गाणे वाजो न वाजो, ते सतत गरम. अशा नगात वय मोजताना किती वर्षे झाली यापेक्षा किती तास चालला हे विचारावे. आणि आपल्या खोलीत मे महिन्यात ३०० वॉट स्वस्थ जाळणारे यंत्र ठेवायचे का, हे घेण्यापूर्वीच घरातल्यांना विचारावे.

मोजताना एक हिशेब हाताशी ठेवावा. रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, बरोबर करंट भागिले फ्रिक्वेन्सी आणि कपॅसिटन्सचा गुणाकार. एका रेलमधून, म्हणजे डीसी पुरवठ्याच्या एका तारेतून, २ अँपियर वाहत असतील आणि कंडेन्सर २०,००० मायक्रोफॅरडचा असेल, तर १०० हर्ट्झला रिपल जवळपास १ व्होल्ट, शिखर ते शिखर. मल्टिमीटर एसीवर तो साधारण ०.३ व्होल्ट दाखवील. क्लास ए नगात एवढा आकडा दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, तो हिशेबातच बसतो. हिशेबाने ०.३ यायला हवेत तिथे ०.६ आले तर कंडेन्सर निम्मा झाला आहे. डाव्या आणि उजव्या रेलची तुलना त्याहून उपयोगी पडते, कारण दोघे एकाच वेळी तितकेच खराब होणे दुर्मिळ असते.

झाकण उघडणार असाल तर प्लग काढून दहा मिनिटे थांबावे, तरीही कंडेन्सरवर व्होल्टेज आहे असेच धरून चालावे आणि मोजल्याशिवाय हात लावू नये. उरलेला चार्ज १०० ओहम, १० वॉटच्या रेझिस्टरमधून उतरवावा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची जुनी सवय कंडेन्सरलाही मारते आणि स्क्रूड्रायव्हरलाही. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डावर शंभराचा बल्ब ओळीने लावावा. तो क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि ट्रान्झिस्टरांऐवजी बल्बने भार घेतला आहे. क्लास ए नग मात्र मुळातच एवढा करंट ओढतो की बल्ब मंद होणार नाही. त्याचा बायस, म्हणजे स्वस्थ असतानाचा करंट, आधी कमी करून घेऊनच ही चाचणी करावी.

सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर मिळतात, पण मोठ्या कंडेन्सरांच्या बाबतीत अधिकृत वितरकाचे बिल घ्यावे, कारण नव्या वेष्टणातला जुना किंवा कमी क्षमतेचा माल ओळखणे वरवर पाहून जमत नाही. दुकानात ईएसआर मीटर (कंडेन्सरचा आतला रेझिस्टन्स मोजणारा) असेल तर तिथेच मोजून घ्यावे. कारागिराकडे अ‍ॅम्प नेताना त्याला "हम येतो" एवढेच सांगू नये. डब्यातून की स्पीकरमधून, एका चॅनेलला की दोन्हीला, शॉर्टिंग प्लगवर राहतो की जातो, आणि दिवसाच्या कुठल्या वेळी येतो, ही चार उत्तरे कागदावर लिहून द्यावीत. माझ्या आताच्या कारागिराने तो कागद वाचून अ‍ॅम्प ठेवूनच घेतला नाही. "साहेब, हा घरी न्या, केबलवाल्याला पकडा," असे म्हणून परत पाठवले. चाळीस किलोचे ओझे जिन्याने पुन्हा तिसऱ्या मजल्यावर चढवावे लागले, तरीही त्या दिवसापासून मी दुसऱ्या कुणाकडे गेलेलो नाही.

सध्या माझ्या स्पीकरला कान अगदी टेकवला तर वूफरमध्ये हलका हम ऐकू येतो आणि एक फुटावर तो लागत नाही. माझे स्पीकर ९१ डेसिबलच्या संवेदनशीलतेचे आहेत आणि अ‍ॅम्पचा गेन मोठा आहे, तेव्हा एवढे उरणारच. त्याच्यामागे मी लागलेलो नाही. डाव्या चॅनेलचा आरसीए सॉकेट मात्र यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यातच पुसून घेतला.